ऊन पकडावे, पण धरून कसे ठेवावे?

मराठवाड्यात पाण्याची टंचाई पडते, विजेची टंचाई पडते. उन्हाची टंचाई मात्र सहसा पडत नाही. चैत्र-वैशाखात रेणापूरच्या एखाद्या घराच्या पत्र्यावर भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट इतकी सौर ऊर्जा येऊन पडते. विजेच्या साध्या इस्त्रीलाही जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटर पत्र्यावर एकेक इस्त्री चालू करून ठेवल्यासारखेच झाले! मग इस्त्री कापडाला चटका देण्याइतकी तापते आणि पत्रा मात्र साठ-सत्तर अंशांवर जाऊन थांबतो, असे का?

उत्तर सोपे आहे. पत्र्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढीच तो गमावत असतो. थोडी वाऱ्याबरोबर जाते, थोडी खालच्या खोलीत उतरते आणि बरीचशी अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत जाते. उन्हापासून वीज निर्माण करण्याच्या खटाटोपात खरी अडचण हीच आहे. ऊन पकडणे अवघड नाही. पकडलेली उष्णता धरून ठेवणे अवघड आहे. गेल्या काही दशकांत या कामी पदार्थाच्या अतिसूक्ष्म, म्हणजे ‘नॅनो’ आकाराच्या रचनेचा उपयोग होऊ लागला आहे. तो कसा होतो, हे या लेखात पाहू.

दोन डब्यांचा प्रयोग

विद्यार्थिमित्रांनो, आधी एक सोपा प्रयोग करून पाहा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एक बाहेरून घासूनपुसून चकचकीत करा. दुसऱ्याला बाहेरून दिव्याची काजळी धरा. दोन्हींत सारखे पाणी घालून, झाकण लावून ते उन्हात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने तापमापकाने तापमान मोजा. काळ्या डब्यातील पाणी अधिक तापलेले आढळेल. यात नवल वाटणार नाही.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. दोन्ही डब्यांत सारखेच गरम पाणी घाला आणि ते सावलीत, वारा लागणार नाही अशा जागी ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. या वेळी काळ्या डब्यातले पाणी लवकर निवते! जो डबा ऊन भराभर घेतो, तोच उष्णता भराभर टाकूनही देतो. जर्मन शास्त्रज्ञ किरचॉफ यांनी १८५९ साली हाच नियम मांडला: जो पृष्ठभाग प्रारणाचा चांगला शोषक, तो त्याचा चांगला उत्सर्जकही असतो.

हा नियम उन्हाची वीज करू पाहणाऱ्याला मोठा पेच घालतो. आकडे घेऊन पाहू. समजा, एक संपूर्ण काळी पट्टी आहे. खालून तिला पक्के आवरण आहे आणि वरून काचेखाली निर्वात पोकळी आहे, त्यामुळे वाऱ्याने किंवा वहनाने काहीच उष्णता जात नाही. भोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे आणि पट्टीवर दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन पडते आहे. स्टेफान-बोल्ट्झमन यांच्या नियमाने हिशेब केला, तर ही पट्टी सुमारे १३० अंशांवर जाऊन थांबते. तिथे मिळकत आणि खर्च सारखे होतात. त्या तापमानाला पट्टीतून कामासाठी काढून घ्यावी अशी उष्णता शिल्लकच उरत नाही. तीच पट्टी २०० अंशांवर ठेवायची म्हटली, तर भोवतालकडून परत मिळणारी उष्णता वजा जाता ती दर चौरस मीटरला २३०० वॉटहून अधिक गमावील आणि तिला मिळणार फक्त १०००! हा व्यवहार सरळ तोट्याचा आहे.

पहिली वाट : तापणारी जागा लहान करा

या तोट्यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळाली. रेणापूरहून वीसेक किलोमीटरवर लातूरला महानंद दूध डेअरी आहे. तेथे २००६ च्या सुमारास ‘अरुण’ नावाची आरशांची एक प्रचंड तबकडी उभी राहिली. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे आणि मुंबईची क्लिक ही कंपनी यांच्या प्रयत्नांतून ती घडली होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मीटर होते. सपाट आरशांचे अनेक तुकडे असे बसवलेले की, सर्वांवरचे ऊन एकाच ठिकाणी एकवटावे. सूर्य जसा सरके, तशी तबकडीही वळत असे.

थेट ऊन दर चौरस मीटरला ७०० वॉट धरले, तरी एवढ्या क्षेत्रावर ११२ किलोवॉट ऊर्जा पडते. ती सगळी नाभीपाशी असलेल्या, कोनाड्यासारख्या पोकळ ग्राहकाच्या लहानशा तोंडातून आत जाते. तापलेला भाग लहान, म्हणून उष्णता बाहेर पडण्याची वाटही लहान. या उष्णतेने दाबाखालील पाणी तापवून ते दुधाच्या पाश्चरीकरणासाठी वापरले गेले. दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवणे, हे काम एरवी बॉयलरमध्ये तेल जाळून होते. येथे ते लातूरच्या उन्हाने केले.

पहिली वाट चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. आरशांना सूर्यामागे फिरवावे लागते, त्यासाठी यंत्रणा लागते. शिवाय आरसे फक्त सूर्याकडून सरळ येणारे किरण एकवटू शकतात. ढग किंवा धूळ यांमुळे विखुरलेला उजेड त्यांच्या उपयोगी पडत नाही.

दुसरी वाट : चोखंदळ पृष्ठभाग

दुसरी वाट किरचॉफच्या नियमातच दडलेली आहे. नियम नीट वाचला, तर त्यात एक अट आहे: शोषण आणि उत्सर्जन सारखे असते ते एकाच तरंगलांबीला. एका तरंगलांबीला चांगला शोषक असलेला पृष्ठभाग दुसऱ्या तरंगलांबीला वाईट शोषक, आणि म्हणून वाईट उत्सर्जक, असायला नियमाची काहीच आडकाठी नाही!

आता निसर्गाची एक सोय पाहा. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्व्हिन आहे. त्यामुळे त्याचा प्रकाश मुख्यत्वे अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा असतो आणि त्याची जवळजवळ सर्व ऊर्जा अडीच मायक्रोमीटरच्या आत संपते. उलट, २०० अंश सेल्सिअसला तापलेली पट्टी जी अदृश्य अवरक्त किरणे टाकते, त्यांचा भर सहा मायक्रोमीटरच्या आसपास असतो. एकाची हद्द जिथे संपते, तिथे दुसऱ्याची सुरू होते. म्हणजे येणारे आणि जाणारे जणू वेगवेगळ्या दारांतून ये-जा करतात. येण्याचे दार सताड उघडे ठेवायचे आणि जाण्याचे दार लावून घ्यायचे. लहान लहरींना काजळीसारखा काळा आणि मोठ्या लहरींना आरशासारखा चकचकीत, असा हा चोखंदळ पृष्ठभाग हवा.

इस्राएलचे शास्त्रज्ञ हॅरी टाबॉर यांनी १९५५ साली असे पृष्ठभाग करून दाखवले. चकचकीत धातूवर त्यांनी काळ्या लेपाचा अत्यंत पातळ थर चढवला. त्याच देशात पुढे घरोघरी सौर बंब बसले, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे.

अशा पृष्ठभागाने काय साधते, ते मघाच्याच पट्टीवर पाहू. समजा, तिने ९५ टक्के ऊन शोषले आणि तिची उत्सर्जकता केवळ ५ टक्के आहे. आता २०० अंशांवर तिचा तोटा २३०० ऐवजी साधारण ११६ वॉट होईल आणि दर चौरस मीटरला ८३० वॉटहून अधिक उष्णता कामासाठी उरेल. काहीच उष्णता काढून घेतली नाही, तर ही पट्टी सुमारे ४९० अंशांपर्यंत तापू शकेल. ऊन तेच, जागा तीच. बदलला तो फक्त वरचा पातळ लेप.

नॅनो म्हणजे केवढे?

या लेपाची किमया त्याच्या जाडीत आणि कणांच्या आकारात आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर, तर मघाच्या अवरक्त किरणांची ६००० नॅनोमीटर.

चोखंदळ लेपांचा एक प्रकार असा असतो: तळाला चकचकीत धातू, त्यावर एक-दोनशे नॅनोमीटर जाडीचा चिनीमातीसारख्या पदार्थाचा थर, आणि त्या थरात विखुरलेले धातूचे केवळ काही नॅनोमीटर आकाराचे कण. सूर्यप्रकाशाच्या लहान लहरींना हा थर चांगला जाणवतो. त्यांची ऊर्जा धातूच्या कणांत शोषली जाते, वारंवार परावर्तित होऊन थरातच जिरते. पण सहा हजार नॅनोमीटरच्या लाटेला दीडशे नॅनोमीटरचा थर जवळजवळ जाणवतच नाही.

तळ्याच्या काठी उभे राहून पाहा. वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरी पाण्यातल्या लव्हाळ्यांत अडखळून मोडतात. पण सांडव्यावरून येणाऱ्या मोठ्या लाटेला ती लव्हाळी असून नसल्यासारखी असतात. तसेच येथे होते. लांब लहरींना मधला थर दिसत नाही, तळचा धातूच दिसतो. धातू त्यांच्या दृष्टीने आरसा आहे आणि आरसा वाईट उत्सर्जक असतो. म्हणून उष्णता आत अडकून राहते.

‘नॅनो-टेक्नॉलॉजी’ हा शब्द जपानचे नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. टाबॉर यांचे काम त्याआधी एकोणीस वर्षांचे. शब्द नंतर आला, पण काम आधीच सुरू झाले होते. पुढे फरक पडला तो नेमकेपणात. आज निर्वात पात्रात एकावर एक असे ठरावीक जाडीचे थर चढवता येतात. बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेने टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन यांच्या संयुगांचे असे लेप विकसित केले आहेत. ते सुमारे ९५ टक्के ऊन शोषतात आणि त्यांची उत्सर्जकता दहा टक्क्यांच्या आत राहते.

उष्णतेपासून वीज

उष्णता पकडली आणि धरूनही ठेवली. तिची वीज कशी करायची? परिचित मार्ग वाफेचा. आपल्या भागातील साखर कारखाने उसाचा चोथा जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज निर्माण करतात. तसेच काम उन्हाच्या वाफेने करता येते. दिल्लीजवळ ग्वाल पहाडी येथे आयआयटी मुंबईने उद्योगांच्या सहकार्याने असे एक मेगावॉटचे प्रायोगिक केंद्र उभारले. ते काम २००९ साली मंजूर झाले. तेथे अन्वस्ताकार लांब आरशांच्या नाभीवर निर्वात नळ्या आहेत. अशा नळ्यांवर चोखंदळ लेप असतो. तो नसता, तर तीन-चारशे अंशांवर तापलेली नळी बरीचशी कमाई पुन्हा आकाशालाच देऊन टाकील.

दुसरा मार्ग अधिक नवलाचा आहे. त्यात फिरणारा एकही भाग नाही. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाला आढळले की, दोन वेगळ्या धातूंची टोके जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून विद्युत्प्रवाह वाहतो. यालाच तापविद्युत् परिणाम म्हणतात. मारिया टेल्केस या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन विदुषीने १९५४ साली या तत्त्वावर सौर वीज निर्माण केली. सपाट पट्टीने तिला मिळालेली कार्यक्षमता सुमारे ०.६ टक्के होती. ऊन पन्नासपट एकवटल्यावर ती ३.३५ टक्क्यांपर्यंत गेली.

एवढी कमी का? कारण या कामाला असा पदार्थ हवा की, जो वीज सहज वाहू देईल, पण उष्णता वाहू देणार नाही. उष्णता सहज वाहिली, तर गरम आणि थंड टोकांतला फरकच नाहीसा होईल. निसर्गात मात्र विजेचे चांगले वाहक बहुधा उष्णतेचेही चांगले वाहक असतात. तांब्याचेच उदाहरण घ्या.

येथेही उपयोगी पडला तो आकारच. अर्धवाहकात वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे. उष्णता मोठ्या प्रमाणात वाहते ती अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे. ही कंपने बरेच अंतर न अडखळता जातात. पदार्थाचे दाणे नॅनो आकाराचे केले, तर दोन दाण्यांमधल्या सीमांवर कंपने पुन्हा पुन्हा विखुरतात. इलेक्ट्रॉनांना त्या सीमांचा तितकासा त्रास होत नाही. १९९३ साली हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहॉस यांनी नॅनो रचनेने हे साधेल, असे गणिताने दाखवले. २००८ साली अमेरिकेतील बॉस्टन कॉलेज आणि एमआयटी येथील शास्त्रज्ञांनी बिस्मथ, अँटिमनी व टेल्युरियम यांचे मिश्रण गोळ्यांच्या चक्कीत अतिसूक्ष्म दळले आणि ते उष्णता व दाब देऊन पुन्हा घट्ट केले. दळणे आणि थापणे, एवढीच ती कृती! पण पदार्थाचा दर्जा दाखवणारा अंक एकच्या आसपास होता, तो १.४ वर गेला.

२०११ साली याच मंडळींनी चोखंदळ लेपाची तांब्याची पट्टी, निर्वात पोकळी आणि हा दळलेला पदार्थ एकत्र आणला. आरशांवाचून, साध्या उन्हात त्यांना ४.६ टक्के कार्यक्षमता मिळाली. सपाट पट्टीच्या टेल्केस यांच्या आकड्याच्या सात-आठपट!

नफा कुठे, अडचण कुठे?

येथे चाणाक्ष वाचक विचारील, “छपरावरच्या साध्या सौर पट्ट्या आज वीस टक्क्यांच्या आसपास काम देतात आणि स्वस्तही झाल्या आहेत. मग ४.६ टक्क्यांचे एवढे कौतुक कशाला?” प्रश्न रास्त आहे. केवळ दुपारच्या विजेसाठी आज प्रकाशविद्युत् पट्टीच सरस ठरते. पण उष्णतेचे दोन गुण वेगळे आहेत. ती वितळलेल्या क्षारांत किंवा तेलात साठवून सूर्यास्तानंतर, गावात दिवे लागतात तेव्हा वापरता येते. आणि दूध तापवणे, वाळवण करणे, कापड रंगवणे अशा कामांना मुळात उष्णताच लागते. तिची आधी वीज करण्याचे कारणच नसते. लातूरच्या डेअरीने हेच दाखवून दिले.

आपल्या भागाला आणखी एक हिशेब करावा लागतो, तो पाण्याचा. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करण्यासाठी पाण्याचे मनोरे वापरले, तर सौर औष्णिक केंद्राला एका युनिट विजेमागे साधारण तीन लिटर पाणी लागते. एक मेगावॉटचे केंद्र दिवसाला सहा तास पूर्ण शक्तीने चालले, तर ६००० युनिट वीज आणि १८,००० लिटर पाणी! एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात हा आकडा दृष्टीआड करून चालणार नाही. हवेने थंड करण्याची सोय केल्यास पाणी पुष्कळ वाचते, पण नेमक्या कडक उन्हाच्या दिवशी कार्यक्षमता घटते.

चोखंदळ लेपाचा उपयोग येथेही होतो. फ्रेंच अभियंता कार्नो याने १८२४ साली दाखवले की, उष्णता जेवढ्या वरच्या तापमानाला मिळेल, तेवढा तिचा अधिक भाग कामात बदलता येतो. थंड बाजू ३५ अंशांवर असेल, तर १३० अंशांच्या उष्णतेपैकी आदर्श यंत्रालाही चोवीस टक्क्यांहून अधिक काम काढता येणार नाही. ३५० अंशांच्या उष्णतेतून मात्र पन्नास टक्के शक्य असतात. प्रत्यक्ष यंत्रे याहून कमीच देतात. पण वीस टक्के कार्यक्षमता असेल, तर एका युनिटमागे चार युनिट उष्णता फेकून द्यावी लागते. तीच कार्यक्षमता तीस टक्के झाली, तर सव्वादोनच्या आसपास. फेकायची उष्णता कमी, तर थंड करायला पाणीही कमी. पाऊण केसाइतकीही जाडी नसलेला, किंबहुना केसाच्या शेकडो पटींनी पातळ असा लेप असे हंडेच्या हंडे पाणी वाचवू शकतो!

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. नॅनो कण फार तापले की, एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागतात आणि आकार गेला की गुणही जातो. हवा आत शिरली, तर लेप गंजतो. प्रयोगशाळेत काही तास टिकणे निराळे आणि उन्हाळ्यात ४३ अंश, रात्री गारवा, वर धूळ अशा स्थितीत वीस-पंचवीस वर्षे टिकणे निराळे. टेल्युरियमसारखे मूलद्रव्य दुर्मीळ असते. म्हणून नवा पदार्थ शोधला की, शास्त्रज्ञ लगेच पुढचे प्रश्न विचारतात: किती वर्षे टिकेल? किती रुपयांना पडेल? पुसायला किती पाणी लागेल?

या प्रश्नांची उत्तरे फक्त दूरच्या प्रयोगशाळांतून मिळणार नाहीत. शाळेच्या गच्चीवर चार पत्र्याच्या पट्ट्या ठेवाव्यात: एक कोरी, एक काळ्या रंगाची, एक काजळीची आणि एक काचेखाली झाकलेली. महिनाभर रोज दुपारी एकाच वेळी त्यांचे तापमान नोंदवावे. मधूनच एखाद्या पट्टीवरची धूळ पुसावी, एखादीची तशीच राहू द्यावी आणि फरक आलेख-कागदावर मांडावा. उन्हाच्या एकवटलेल्या झोताकडे किंवा सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. महिन्याच्या शेवटी, धुळीने किती अंश खाल्ले आणि काचेने किती वाचवले, हे तुमच्या वहीत आकड्यांनी लिहिलेले असेल. आपल्या गावच्या उन्हाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.